अमेरिकन हायस्कुलांची जुनी वार्षिकं आणि मासिकं (१९०० ते १९२५): काय घ्यावं, कसं तपासावं, कसं जपावं?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी. इंडियाना राज्यातल्या एका लहान गावच्या हायस्कूलचं खोकंभर छापील साहित्य हाती आलंय. १९०९, १९१४, १९१८ आणि १९२३ ची वार्षिकं, शिवाय ऑक्टोबर १९११ ते मे १९१६ या काळातले शाळेच्या मासिकाचे १९ सुटे अंक. संग्रह नीट पुढे न्यायचाय, म्हणून प्रश्न:

१. १९१४ च्या वार्षिकावर आत ‘जून, खंड ६, अंक ९’ असं छापलंय. मग हे वार्षिक म्हणायचं की मासिकाचा अंक?
२. १९०९ च्या वार्षिकाला मऊ, लवदार चामड्याचं कव्हर आणि रेशमी दोरी आहे. हात लावला की बोटांना तपकिरी भुकटी लागते. काही लावता येईल का?
३. १९२३ च्या अंकात फोटोंची पाच-सहा गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून एक वडी झाली आहे.
४. मासिकांच्या पिना गंजल्यात. इथला एक बाइंडर सगळे अंक एकत्र बांधून देतो म्हणतोय. द्यावेत का?
५. पुढे जमवायचं तर कशाच्या मागे लागावं? स्कॅन करून नेटवर टाकायला कायद्याची आडकाठी आहे का?

मिडवेस्टकर

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो. ते दोन्ही आहे. बऱ्याच शाळांमध्ये आधी मासिक होतं आणि वार्षिक त्याच्या पोटातून निघालं. वर्षभर कथा, कविता, संपादकीय, खेळांचे निकाल, माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या आणि विनोद असा पातळसा अंक यायचा. जूनमध्ये दीक्षान्त समारंभाच्या सुमाराला तोच अंक फुगायचा. त्यात सीनियर म्हणजे शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकाचा फोटो, वर्गाचा इतिहास, वीस वर्षांनी कोण काय झालेलं असेल याचं ‘भविष्य’, आणि खालच्या वर्गांना काय काय मागे ठेवून जातोय याचं गमतीशीर ‘मृत्युपत्र’. याला सीनियर नंबर किंवा कमेन्समेंट नंबर म्हणत. पुढे या जून अंकाला जाड पुठ्ठा आणि वेगळं नाव मिळालं आणि तो मासिकापासून सुटा झाला. त्या काळी त्याला ॲन्युअलच म्हणायचे, इअरबुक हा शब्द नंतर रुळला.

हे परवडायला लागलं ते हाफटोन ब्लॉकमुळे, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत मोडून छापायच्या धातूच्या ठशामुळे. १८९० च्या दशकात हे ब्लॉक स्वस्त झाले. त्याआधी वर्गमित्रांचे चेहरे हवे असतील तर अल्बममध्ये खरे फोटो चिकटवावे लागत. म्हणून १९०५-१० च्या लहान शाळांच्या अंकात अधूनमधून चिकटवलेला खरा फोटो सापडला तर नवल नको. त्याला भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत. असा अंक वेगळा जपा.

आता तुमचे आकडे. खंड ६ चा नववा अंक जून १९१४ चा, म्हणजे वर्षाला नऊ अंक, ऑक्टोबर ते जून. खंड ६ म्हणजे १९१३-१४, तर खंड १ म्हणजे १९०८-०९. मध्ये मासिक बंद पडलं नसेल तर तुमचं १९०९ चं चामडी वार्षिक पहिल्या खंडाचा शेवटचा अंक असण्याची शक्यता दाट आहे. शीर्षक पानाच्या मागे बारीक टाइपात बघा. मासिक टपालाने जात असेल तर ३ मार्च १८७९ च्या कायद्याखाली सेकंड क्लास मॅटर (नियतकालिकांचा टपाल वर्ग) म्हणून नोंद झाल्याची ओळ असते, सोबत पोस्ट ऑफिसचं नाव आणि बऱ्याचदा नोंदणीची तारीख. अंकावर साल नसेल तेव्हा ही ओळ फार कामाला येते.

ऑक्टोबर १९११ ते जून १९१६ ही पाच शालेय वर्षं, म्हणजे ४५ अंक. तुमच्याकडे १९ सुटे आणि १९१४ चा जून धरून २० झाले. राहिले २५, त्यात चार जून अंक. पण अंक मोजताना महिन्यावर विसंबू नका, क्रमांकावर मोजा. पैसे संपले की दोन महिन्यांचा जोडअंक निघायचा. ‘मार्च हरवलाय’ म्हणून लोक वर्षानुवर्षं शोधत बसतात आणि तो छापलेलाच नसतो. फेब्रुवारी अंक ५ आणि एप्रिल अंक ६ असेल तर तिथे भोक नाही.

याची उलट बाजू मोठ्या शहरांत. शिकागो, मिनियापोलिस, लॉस एंजेलिस अशा ठिकाणी वर्षातून दोन वर्ग बाहेर पडत, एक जानेवारी-फेब्रुवारीत आणि एक जूनमध्ये. त्यामुळे एकाच सालाची दोन वार्षिकं असू शकतात. ‘हिवाळी १९१९’ आणि ‘उन्हाळी १९१९’ ही एकाच पुस्तकाची दोन नावं समजून एक विकून टाकलेले लोक आहेत. आणि कॉलेजची वार्षिकं यात मिसळू नका. ती बऱ्याचदा ज्युनियर म्हणजे शेवटून दुसऱ्या वर्षाचा वर्ग काढायचा आणि स्वतःच्या पदवीचं साल घालायचा, म्हणून ‘१९१४’ असं लिहिलेलं पुस्तक १९१३ मध्ये छापलेलं असतं.

प्रत पूर्ण आहे की नाही हे पृष्ठांकांवरून कळत नाही, कारण फोटोंच्या पानांना पुष्कळदा क्रमांकच नसतो. मी या क्रमाने बघतो: सीनियरांची नावांची यादी आणि फोटो जुळतात का, चारही वर्गांचे गटफोटो आहेत का, फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक, वाद्यवृंद, नाटक, वादविवाद, आणि शेवटी जाहिराती. जाहिरातींचं शेपूट सर्वांत जास्त वेळा गळालेलं असतं, कारण ते मागच्या कव्हरला टेकलेलं असतं आणि कोणाला त्याचं सुतक नसतं. शेवटच्या दोन-तीन पानांत ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीची, छापखान्याची किंवा फोटोग्राफरची जाहिरात असते. शिकागोच्या ‘यान अँड ऑलियर’सारख्या ब्लॉकवाल्यांच्या जाहिराती या प्रकारच्या पुस्तकांत खूप दिसतात. ती पानं असतील तर शेपूट शाबूत आहे असं समजायला हरकत नाही. शिवणीजवळ कापलेल्या पानाचा पाव इंचाचा ठुणका राहिलाय का तेही बोट फिरवून बघा.

शिवणटाका

२, ३ आणि ४ मी घेते.

चामड्याची भुकटी म्हणजे रेड रॉट. झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषतं (कोळशाच्या शेगड्या, गॅसचे दिवे), त्याचं चामड्यातच सल्फ्युरिक आम्ल होतं आणि तंतू तुटत जातात. गेलेलं परत येत नाही, फक्त झडणं थांबवता येतं. चामडं गुळगुळीत असतं तर हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज (बाजारात क्लुसेल जी) १०० मिली इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दीड ते दोन ग्रॅम, रात्रभर फुगू द्यायचं, सकाळी ढवळून मऊ ब्रशने एक पातळ हात. पण तुमचं लवदार म्हणजे स्वेड आहे. त्यावर हे लावलं की लव बसते आणि रंग दोन छटा काळवंडतो, डाग डाग होऊन. म्हणून स्वेडला काहीही लावू नका. खोबरेल, एरंडेल, बुटाचं पॉलिश, सॅडल सोप यातलं काहीही नाही. तेलाने चामडं आधी छान दिसतं, मग चिकट होतं, आणि तेल आतल्या पहिल्या पानावर उतरतं.

स्वेडला उपाय एकच: आवरण. ७५ मायक्रॉनचा पॉलिस्टर फिल्मचा (मायलार) तुकडा पुस्तकाच्या उंचीचा कापायचा, पुस्तकाला पूर्ण वेढा आणि दोन्हीकडे आत तीन-तीन इंच दुमड. चिकटपट्टी नाही. पीव्हीसीचं शाळकरी कव्हर अजिबात नको, त्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि शाईला धरतं. कव्हर आणि पहिलं पान यांच्यामध्ये आम्लविरहित पातळ कागद ठेवा. दोरी रेशमी आहे आणि शंभर वर्षांची आहे. ती घट्ट करायला जाऊ नका, गाठ सुटली असली तरी तशीच असू द्या. ती ताणली की आधी दोरी तुटते किंवा कव्हरची भोकं फाटतात. असं वार्षिक आडवंच ठेवायचं, उभं केलं की पानं कव्हरमधून खाली लोंबतात.

चिकटलेली पानं. फोटोंच्या या गुळगुळीत कागदावर (आर्ट पेपर) पांढऱ्या मातीचा थर असतो, तो केसीन किंवा सरसासारख्या चिकट्याने बसवलेला असतो. पाणी लागलं की चिकटा सुटतो, वाळताना समोरच्या पानाला धरतो आणि दोन पानांचा एक थर होतो. एकदा वाळलं की ते सुटत नाही. वाफ, इस्त्री, फ्रीजर असे सगळे सल्ले नेटवर मिळतील. त्यात एका पानाचा चेहरा दुसऱ्या पानावर जातो. एकच चाचणी करा: पॉलिस्टर फिल्मची बोटभर पट्टी कोपऱ्यातून अलगद सरकवा. विनासायास गेली तर तिथे फक्त शाई किंवा साखरेचा डाग आहे, हळूहळू पुढे जा. अडली की थांबा. ती वडी तशीच ठेवा आणि त्या वार्षिकाची दुसरी प्रत शोधा, ते स्वस्त पडतं.

पुढच्यासाठी लक्षात ठेवा: आर्ट पेपरचं पुस्तक भिजलं तर वाळू द्यायचं नाही. साधारण सहा तासांच्या आत पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि नंतर व्हॅक्युम फ्रीज-ड्रायिंग करणाऱ्यांकडे गोठलेलंच पाठवा. पंख्याखाली ठेवलं की झाली वडी.

पिना. आधी बघा की सेंटर पिनिंग (मधल्या घडीत पिना) आहे की साइड पिनिंग (पाठीलगत वरून आरपार पिना). साइड पिनिंगचा अंक पूर्ण उघडत नाही, तो जबरदस्तीने उघडलात तर जुना लगद्याचा कागद पिनेच्या रेषेत तुटतो. तिथे पिना तशाच राहू द्या, फक्त त्यांच्याखाली कागदाचा कपटा सरकवा. सेंटर पिनिंग असेल तर काढता येतात. मधलं पान उघडून पिनेच्या पायांखाली पॉलिस्टरचा तुकडा सरकवायचा, म्हणजे पात्याने कागद खरवडणार नाही. पातळ बोथट पात्याने दोन्ही पाय सरळ करायचे, अंक उलटवून पाठीकडून पीन उचलायची. ओढायची नाही. गंजाने कागदाला धरलं असेल तर पीनच मध्ये कापा आणि दोन तुकडे वेगळे काढा. गंजाची सैल पूड मऊ ब्रशने झटका, डाग घासू नका.

मग जुन्याच दोन भोकांतून आणि मधोमध एक नवीन भोक पाडून तीन भोकांची शिवण. तागाचा दोरा, अंकाच्या उंचीच्या अडीचपट. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने लांब टाका घेत खालच्या भोकातून बाहेर, आणि मधल्या भोकातून परत आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ. दोरा घडीच्या दिशेने ओढा, पानाच्या काटकोनात ओढलात तर भोक लांबट फाटतं. कागद घडीवर आधीच फाटला असेल तर शिवण्याआधी जपानी टिश्यूची पट्टी गव्हाच्या खळीने लावा आणि वजनाखाली वाळू द्या. खळीत मोरचूद घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे, इथे नको.

निवृत्त_पेठकर

एवढा खटाटोप कशाला? शाळेच्या लायब्ररीत आम्ही मासिकांचे बारा अंक एकत्र बांधून कापडी पाठीची पुठ्ठा बांधणी करायचो. उभं राहतं, हरवत नाही, वाचता येतं. आणि ज्या पानांची भुकटी होतेय ती लॅमिनेट करा, पन्नास वर्षं बघायला नको.

शिवणटाका

पेठकर काका, लायब्ररीतल्या वाचनासाठी ती बांधणी बरोबरच होती, संग्रहासाठी नाही. एकत्र बांधताना बाइंडर तीन गोष्टी करतो. एकसारखं दिसावं म्हणून तीन बाजूंनी कडा कापतो, त्यात समासातल्या सह्या आणि वरचे खंड क्रमांक जातात. सुटे कव्हर आणि जाहिरातींची पानं ‘नको ती’ म्हणून काढतो. आणि कोरडा कागद पाठीकडून घट्ट शिवतो, मग उघडताना पान शिवणीपाशी मोडतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन शाळांनीही नेमकं हेच केलं, म्हणून आज मूळ कव्हरसह सुटा अंक मिळणं बांधलेल्या खंडापेक्षा अवघड आहे.

लॅमिनेशनबद्दल हात जोडून सांगते: नको. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक काढता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं.

बोरूबहाद्दर, प्रत्येक अंक आम्लविरहित कागदाच्या घडीत, घडीवर पेन्सिलने खंड-अंक, आणि पाच-सहा घड्या एका चपट्या खोक्यात. खोलीत आर्द्रता ३५ ते ५० टक्के. तळघर नाही, माळा नाही. वास येत असेल तर झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी वाटीभर कोळशाचे दाणे (फिशटँकच्या दुकानात मिळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन), वर जाळी, जाळीवर अंक किंचित उघडून, दोन ते चार आठवडे. वाटी अंकाला लागता कामा नये. उन्हात वाळवणं विसरा, लगद्याचा कागद दोन दिवसांत पिवळा पडतो.

बोरूबहाद्दर

दोघांचेही आभार. बाइंडरला नकार कळवतो. १९१८ च्या अंकाबद्दल एक शंका राहिली. तो १९१४ च्या निम्म्याहून बारीक आहे, सीनियरांच्या पानांवर दोन चेहरे चौकोनी कापून नेलेत, आणि आधीच्या अंकांत असलेल्या जर्मन मंडळाचा पत्ता नाही. प्रत अपुरी आहे का?

मिडवेस्टकर

जर्मन मंडळ नसणं हा त्या सालाचा शिक्काच आहे. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि पुष्कळ शाळांनी जर्मन विषयच बंद केला. १९१६ च्या अंकात मंडळाचा फोटो आणि १९१८ मध्ये काहीच नाही, हे दोन अंक शेजारी ठेवले की दिसतं. म्हणून सुटं साल घेण्यापेक्षा एकाच शाळेची सलग सालं घेण्यात मजा आहे.

बारीक असणंही स्वाभाविक. काही शाळांनी १९१८ चं वार्षिक काढलंच नाही, काहींनी साध्या कव्हरचं काढलं. त्यात सैन्यात गेलेल्यांची यादी आणि सेवाध्वजाचं चित्र असतं, प्रत्येक निळा तारा म्हणजे सेवेतला एक जण, सोनेरी तारा म्हणजे मृत्यू. ही यादी तुमच्या प्रतीत आहे का बघा; असेल तर बहुधा बाकीचंही जागेवर आहे. पुढच्या वर्षीची मासिकं शोधताना ध्यानात घ्या की १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझामुळे कित्येक शहरांत शाळाच बंद होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ चे अंक निघालेच नसतील.

कापलेले चेहरे मात्र खरा दोष. घरच्यांनी लॉकेटसाठी किंवा मृत्युलेखासाठी कापलेले असतात. मागच्या पानाचा मजकूरही गेलेला असतो, हे विकत घेताना लोक विसरतात. विक्रेत्याला सीनियरांच्या प्रत्येक पानाचा फोटो मागायचा, दोन्ही बाजूंनी.

याच्या उलट, मालकाने घातलेली भर दोष समजू नका. सह्या, टोपणनावं, समारंभाची पत्रिका, नृत्याच्या कार्यक्रमाचं कार्ड, वर्तमानपत्राचं कात्रण. कात्रण आम्लधारी असतं, समोरच्या पानावर त्याची तपकिरी सावली पडते. ते काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, पण कुठल्या पानात होतं ते पाकिटावर लिहा. आणि सह्या असलेल्या पानावर ओला बोळा किंवा खोडरबर दोन्ही वर्ज्य. फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते, पेन्सिल खोडली जाते.

रद्दीतलं_रत्न

पाचव्या प्रश्नाचा पहिला भाग. माझं मत सरळ आहे: वार्षिकं कोणीही जमवतो, मासिकं जमवा. वार्षिक जाड पुठ्ठ्याचं म्हणून टिकलं, आठवण म्हणून घरोघर ठेवलं गेलं. महिन्याचा अंक वाचून टाकला गेला. लेखन मात्र त्यातच आहे. पुढे प्रसिद्ध कादंबरीकार झालेला हेमिंग्वे ओक पार्कच्या शाळेत होता तेव्हा त्याच्या तीन कथा ‘टॅब्युला’ या शाळेच्या मासिकात १९१६ साली आल्या, फेब्रुवारी, एप्रिल आणि नोव्हेंबरच्या अंकांत. १९१७ च्या सीनियर टॅब्युलात वर्गाचं भविष्य त्याचंच. कवी लँग्स्टन ह्यूजच्या सुरुवातीच्या कविता क्लीव्हलँडच्या सेंट्रल हायस्कूलच्या मासिकात आहेत, तो तिथून १९२० मध्ये बाहेर पडला. हे अंक आता सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत, पण तत्त्व तेच: पुढे नाव झालेल्या माणसाचं लेखन मासिकात मिळतं, वार्षिकात त्याचा फोटो.

प्रसिद्ध नावांच्या मागे लागून नवा संग्राहक पैसे घालवतो. त्यापेक्षा एक चौकट आखा. एक शाळा, किंवा एक जिल्हा, किंवा एक प्रकार. प्रकार म्हणजे उदाहरणार्थ शाळेच्या स्वतःच्या छापखान्यात विद्यार्थ्यांनी जुळवून छापलेले अंक. औद्योगिक शिक्षणाच्या शाळांमध्ये हे चाले. ओळखायची खूण: छापखान्याच्या नावाच्या जागी शाळेच्या मुद्रण वर्गाचा उल्लेख, आणि पानापानावर शाईचा दाब कमीजास्त. विसाच्या दशकात त्यात लिनोलियमवर कोरलेली चित्रंही येतात, ती प्रत्यक्ष ठशावरून छापलेली असतात.

कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांची वार्षिकं दुर्मीळ आहेत. वॉशिंग्टनची डनबार हायस्कूल (१९१६ पूर्वी एम स्ट्रीट हायस्कूल) हे त्यातलं ठळक नाव. दिसलं तर किमतीचा फार विचार करू नका, पण प्रत तपासल्याशिवायही घेऊ नका. गोऱ्यांच्या शाळांच्या अंकांत तोंड काळं रंगवून केलेल्या मिन्स्ट्रेल खेळांचे फोटो सर्रास असतात. ते पान लाजेखातर काढून टाकलेल्या प्रतीही असतात. आपण काढायचं नाही.

किंमत ठरवताना मागितलेले आकडे बघू नका, विकल्या गेलेल्या नोंदी बघा. ऑनलाइन लिलावात तशी गाळणी असते. लहान गावाच्या शाळेचं वार्षिक त्या गावाबाहेर कोणाला नको असतं, म्हणून एकाच अंकाला एका आठवड्यात दोन भाऊबंद लढतात आणि पुढच्या आठवड्यात तो तसाच पडून राहतो. शोधताना शाळेचं नाव टाकून भागत नाही, कारण सेंट्रल हाय आणि लिंकन हाय देशभर पसरल्या आहेत. गाव, राज्य आणि अंकाचं नाव असं मिळून शोधा. ‘स्कूल पेपर’, ‘सीनियर नंबर’, ‘कमेन्समेंट नंबर’ हेही टाका. विक्रेत्याला तो काय विकतोय हे बऱ्याचदा माहीत नसतं.

आणि सावध राहा: ‘१९१५ इअरबुक’ म्हणून आजची पुनर्मुद्रणं विकली जातात. चकचकीत कव्हर, डिंकाची पाठ, मागे बारकोड, आतले फोटो करडे आणि चिखल झालेले. माहितीसाठी ठीक, संग्रहासाठी रद्दी.

मिडवेस्टकर

रत्न यांच्याशी सहमत, फक्त ‘वार्षिकं कोणीही जमवतो’ याला थोडी हरकत. १९१० च्या आधीच्या लहान गावांची वार्षिकंही सहज मिळत नाहीत.

तिठ्यावरचा_स्कॅनर

कायदा आणि स्कॅनिंग.

अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशित साहित्याचं संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षं, तेही अटी पाळल्या असतील तर. जानेवारी २०२६ पासून १९३० अखेरपर्यंत छापलेलं सगळं मुक्त आहे, म्हणजे तुमचं सगळंच. त्यानंतरच्या अंकांसाठी आणखी एक दार आहे: १९७७ पर्यंत अमेरिकेत प्रकाशित झालेल्या पुस्तकावर कॉपीराइटची सूचना छापलेलीच नसेल, तर ते संरक्षणाबाहेर आहे. शाळांनी ही सूचना बहुधा छापलेली नसते. शीर्षक पान आणि त्याची मागची बाजू बघायची, आणि त्या दोन्ही पानांचा स्कॅन पुरावा म्हणून आधी ठेवायचा.

मजकुराला ४०० डीपीआय (इंचाला ठिपके), फोटोंना ६०० डीपीआय, रंगीतच, पान पिवळं असलं तरी. हाफटोनचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर पडून लाटा दिसतात. त्या घालवायला मूळ स्कॅनवर डीस्क्रीन (ठिपके पुसणारी सोय) चालवू नका. ६०० ने घ्या, मूळ टिफ फाइल तशीच ठेवा, आणि वाचायच्या प्रतीसाठी आकार निम्मा करा. लाटा बऱ्याचशा आपोआप जातात. पातळ कागदातून मागचा मजकूर उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. वार्षिक सपाट स्कॅनरवर दाबू नका. १०० अंशांच्या आसपास उघडून पाळण्यात (इंग्रजी व्ही आकाराच्या आधारात) ठेवून वरून कॅमेऱ्याने घेतलेलं बरं. फाइलला नाव देताना राज्य, गाव, शाळा, साल, खंड, अंक, पान हा क्रम. इंटरनेट आर्काइव्हवर चढवताना जिल्ह्याचं नावही द्या, वंशावळ शोधणारे त्यावरूनच येतात. कोऱ्या पानांचे आणि जाहिरातींचे स्कॅन गाळू नका.

टपालाचं एक. अमेरिकेत बरेच विक्रेते स्वस्त म्हणून मीडिया मेल या टपाल वर्गाने पाठवतात. नियमाप्रमाणे त्यात जाहिरात नसलेली पुस्तकं जातात, दुसऱ्या पुस्तकांची जुजबी माहिती तेवढी चालते. मागे किराणा दुकानांच्या जाहिराती असलेलं वार्षिक किंवा मासिक त्यात बसत नाही. पाकीट उघडून तपासलं तर जास्तीचं टपालशुल्क ते पाकीट ज्याला आलंय त्याच्याकडून वसूल होऊ शकतं. विक्रेत्याला आधीच प्रायॉरिटी किंवा ग्राउंड या टपाल वर्गांनी पाठवायला सांगा. बांधणी अशी: अंक पिशवीत, दोन्ही बाजूंना खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन-दोन तुकडे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला, पिशवीला नाही.

घाटावरची_पाखरं

अवांतर, पण इथल्या लोकांना उपयोगी. अमेरिकन धाटणीची इअरबुकं हिंदुस्थानातही निघाली आहेत: मसुरीची वुडस्टॉक आणि कोडाईकनालची शाळा (१९०१ ची, तेव्हाची हायक्लर्क). अमेरिकन मराठी मिशन अहमदनगर, सोलापूर या भागात काम करत होतं आणि तिथल्या मिशनऱ्यांची मुलं डोंगरावरच्या या शाळांत शिकत. त्यामुळे चेहऱ्याखाली घरचं गाव छापलेलं असेल तर तिथे मराठी मुलुखातली गावं भेटतात. ही पुस्तकं भारतात कमी आणि अमेरिकेतल्या इस्टेट सेलमध्ये (मृत व्यक्तीच्या घरच्या सामानाच्या विक्रीत) जास्त सापडतात, कारण कुटुंबं परत गेली. खोकी उपसताना डोळा ठेवा.

बोरूबहाद्दर

१९०९ चं शीर्षक पान बघितलं. ‘खंड १, अंक ९’ आहे! आता ते राहिलेले २५ अंक शोधायचे कुठे? गावच्या लायब्ररीत वार्षिकं आहेत, मासिकं नाहीत.

मिडवेस्टकर

तुमच्या हातातल्या १९ अंकांतच पत्ते आहेत. प्रत्येक अंकात मागच्या बाजूला ‘एक्सचेंजेस’ नावाचं सदर असेल. शाळा एकमेकींना अंक पाठवत आणि या सदरात दुसऱ्यांच्या अंकांवर शेरे मारत, ‘मुखपृष्ठ छान, पण कथा एकच’ असे. त्यातली सगळी शाळांची नावं एका तक्त्यात उतरवून काढा, समोर महिना. सहा-आठ नावं परत परत येतील. तुमचे हरवलेले अंक त्या गावांच्या लायब्ररीत, जिल्ह्याच्या इतिहास संस्थेत किंवा शाळेच्या कपाटात गेलेले असतात, आणि तिथे ते परक्या शाळेचे म्हणून सूचीत नोंदलेले नसतात. म्हणून त्यांना ‘आमच्या शाळेचं मासिक आहे का’ असं विचारू नका, नाही असं उत्तर येईल. ‘१९११ ते १९१६ मधली तुमच्या शाळेकडे बदल्यात आलेली इतर शाळांची मासिकं कुठल्या खोक्यात आहेत’ असं विचारा, आणि तुमच्या मुखपृष्ठाचा एक फोटो जोडा. खंड ४ पासून सुरू करा.